धुरीकाकांची गाजरं

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीतलं गाजर कुणी खायचं नाही, असा नियम होता. तो भिंतीवर लिहिलेला नव्हता, पण नवीन माणूस रुजू झाला की बाथरूम कुठे आहे हे सांगायच्याही आधी त्याला हे सांगितलं जायचं. एकदा सांगायचं राहून गेलं. केरळहून आलेल्या नव्या अकाउंटंटने दुपारी चार वाजता फ्रिजवरचा प्लास्टिकचा डबा उघडला. आत गाजराच्या चकत्या जोडीजोडीने रचलेल्या, प्रत्येक जोडीच्या मधे कसला तरी तपकिरी तुकडा, आणि वास पिकल्या अननसाचा. त्याला वाटलं, मराठी लोकांचा काहीतरी गोड प्रकार असेल. त्याने एक जोडी उचलली तेवढ्यात दारातून धुरीकाका शांतपणे म्हणाले, "खाना नहीं. उसमें बीमारी है."

अकाउंटंटने चकती उलटी करून पाहिली. खालच्या बाजूला काळी लव उगवली होती. त्या माणसाने पुढची सहा वर्षं आमच्या पॅन्ट्रीत पाण्याशिवाय काही घेतलं नाही.

त्या चकत्यांमध्ये असायचे खजुरीच्या आजारी झाडांचे तुकडे. करपलेल्या पातीचा किंवा खोडाचा नखाएवढा तुकडा ताज्या गाजराच्या दोन चकत्यांमध्ये दाबून ठेवायचा, ओलं फडकं घालून डबा बंद करायचा, आणि चार-पाच दिवस वाट पाहायची. झाडात ती ठरावीक बुरशी असेल तर गाजरावर आधी पांढरी, मग काळी लव येते आणि पिकल्या फळाचा वास सुटतो. धुरीकाका हे कुठल्या तरी जुन्या पुस्तकात वाचून आले होते. कंपनीने त्यांना एक सूक्ष्मदर्शक दिला होता, पण त्याची एक काच तडकलेली होती, म्हणून त्यांचा सगळा भरवसा गाजरावर.

कंपनी म्हणजे अल ऐनमधली एक मध्यम आकाराची कंत्राटदार कंपनी. दुभाजकांवरची फुलझाडं, सरकारी इमारतींची हिरवळ आणि खजुरीच्या काही जुन्या बागांवरची फवारणी, अशी कामं तिच्याकडे होती. ऑफिस पत्र्याच्या तीन पोर्टाकेबिनचं. मी तिथे त्र्याण्णव साली टायपिस्ट म्हणून लागले. वसईला घरी सगळ्यांना 'मेबल दुबईला आहे' असं सांगितलेलं. प्रत्यक्षात दुबईहून दीड तास आत, उघड्या डोंगराच्या पायथ्याशी. माझा नवरा तिथल्या एका हॉटेलात रिसेप्शनवर होता, आणि मला घरात बसून भिंती बघायचा कंटाळा आला होता.

धुरीकाका वेंगुर्ल्याकडचे. शेतकी शाळेची पदविका, हुद्दा 'प्लांट प्रोटेक्शन असिस्टंट', वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. उंच, हडकुळे, आणि बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना ऑफिसात माकडटोपी घालून बसणारे, कारण एसीची हवा त्यांच्या कानात शिरायची. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वाकडी सुरी आणि डेटॉलची बाटली. एका झाडाचं पान कापलं की सुरी डेटॉलमध्ये बुचकळायची, फडक्याने पुसायची, मगच दुसऱ्या झाडाला लावायची. एका झाडाचा रोग दुसऱ्याला आपल्या हाताने जाऊ नये, एवढाच हेतू. पण ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली होती की कुणाच्या वाढदिवसाचा केक कापायची सुरीही ते आधी मागून घ्यायचे. आमचे केक त्यामुळे जरा दवाखान्यासारखे लागायचे.

सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. ते दर वेळी सुधारणा करत, "मी डॉक्टर नाय गो बाय, कंपाउंडर." आणि खरोखरच कंपाउंडरासारखं त्यांचं काम होतं. ते झाड बघून यायचे, हाताने रिपोर्ट लिहायचे, मी तो टाइप करायचा, मॅनेजर साहेबांनी सही करायची, आणि फवारणीची गाडी निघायची. नमुने ते घरून आलेल्या पत्रांच्या निळ्या पाकिटांत भरून आणत. वर बायकोच्या अक्षरात यशवंत धुरी, खाली त्यांच्या अक्षरात 'झाड नं. १४, दक्षिण बाजू'. मी एकदा विचारलं की काकींची पत्रं कुठे ठेवता मग? म्हणाले, पत्रं उशीखाली, पाकिटं कामाला.

त्यांची आणखी एक सवय पहिल्यांदा पाहून मला शिसारी आली होती. ते माती चाखत. चिमूटभर माती जिभेच्या टोकावर ठेवायची, डोळे बारीक करायचे, रुमालात थुंकायची, आणि वहीत एक ते दहा मधला आकडा लिहायचा. तो खारटपणाचा आकडा. कंपनीकडे खारटपणा मोजायचं यंत्र होतं, पण ते स्टोअरकीपरच्या कपाटात कुलपात असायचं आणि कपाटाची किल्ली सुटीवर गेलेल्या माणसाच्या खिशात. "जीभ सुटीवर जाणा नाय," असं काका म्हणायचे.

पण जिभेची ही सवय त्यांना पहिल्यापासून नव्हती. ती एका चुकीनंतर लागली. ती चूक सांगितल्याशिवाय धुरीकाका कळायचे नाहीत.

अल ऐनच्या ओअॅसिसमध्ये मातीच्या भिंतींमधून वाटा जातात आणि दोन्हीकडे खजुरीच्या दाट बागा. तिथेच अबू खल्फान नावाच्या म्हाताऱ्याची बाग होती. साठेक झाडं. एके काळी डोंगराच्या पोटातून भुयारी पाटाने या बागांना पाणी यायचं. त्या पाटाला तिथे फलज म्हणतात. कुणाच्या बागेला किती वेळ पाणी, हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. आम्ही गेलो त्या वर्षांत फलजमध्ये डोंगराचं पाणी जवळपास यायचंच बंद झालं होतं आणि बोअरचं पाणी पंपाने त्यात सोडलं जात होतं. अबू खल्फानला हिंदी येत होतं, मुंबईला तरुणपणी मोती आणि कापड यांच्या निमित्ताने येऊन गेलेले असे कितीतरी म्हातारे तिथे होते. तो मला 'बंबई' म्हणायचा. वसई वेगळी हे सांगून उपयोग नव्हता.

त्याच्या बागेत मधोमध एक फार जुनं झाड होतं. त्याच्या जातीला नाव नव्हतं. खजुरीच्या बीपासून लाखात एखादं चांगलं झाड उगवतं म्हणतात, तसं ते अबू खल्फानच्या आईच्या हातून पडलेल्या बीचं उगवलं होतं. फळ लहान, जवळजवळ काळं, आणि गुळापेक्षा गोड. खजुरीची जात बीने टिकत नाही, खोडाच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं काढून लावली तरच तेच झाड पुन्हा मिळतं. या झाडाची पिल्लं पूर्वी फुटली तेव्हा कुणी लक्ष दिलं नव्हतं. आता म्हातारपणी बुंध्याशी फक्त दोन उरली होती. म्हणजे जगात ते खजूर त्या एका झाडाला लागायचे, आणि पुढे लागलेच तर त्या दोन पिल्लांना.

दर हंगामात अबू खल्फान त्या खजुरांची एक मोठी परडी ऑफिसला पाठवायचा. पहिल्या वर्षी आम्ही ती तीन दिवस खात होतो, आणि तरी मी डबाभर घरी नेले.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात त्या बागेच्या दक्षिणेकडची काही झाडं करपायला लागली. पाती कोळशासारख्या काळ्या, जणू कुणी चूड लावली. दोन झाडांचे शेंडे एका बाजूला कलले. तिथले लोक अशा झाडाला 'मजनून' म्हणतात, म्हणजे वेडं. धुरीकाका नमुने घेऊन आले, गाजरात दाबले, पाचव्या दिवशी पॅन्ट्रीत अननसाचा वास सुटला. बुरशी नक्की झाली.

आता बुरशी म्हटलं की कोकणातला माणूस कशाचा विचार करील? ओलीचा. काकांच्या वडिलांची पोफळीची बाग होती. पावसाळ्यात सतत झड लागली की कोळे रोग यायचा, सुपाऱ्या सडून गळायच्या. पावसाआधी मोरचूद आणि चुना कालवून फवारायचा, बागेत चर खणून पाणी बाहेर काढायचं, हे त्यांनी लहानपणापासून केलेलं. जिथे पाणी तुंबतं तिथे बुरशी, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, ते त्यांना अंगानेच ठाऊक होतं.

अबू खल्फान बागेच्या दाराशी गालिच्यावर बसला होता. मी त्या दिवशी काका आणि मॅनेजर साहेबांबरोबर होते, कारण साहेबांना कागदावर म्हाताऱ्याची सही जागेवरच हवी होती. म्हाताऱ्याने कॉफी ओतली आणि विचारलं, "दक्तूर, पानी कितना दूँ?"

काका क्षणभरही थांबले नाहीत. "आधा," म्हणाले. "आधा पानी. जड़ सूखने दो."

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. वाळवंटात जन्म काढलेल्या माणसाला झाडाचं पाणी तोडायला सांगणं म्हणजे काय, हे आज मला कळतं. पण समोर दक्तूर होता, सरकारी कंत्राटाचा कागद होता, टाय घातलेला मॅनेजर होता. तो "इन्शाल्ला" म्हणाला. मी ऑफिसात येऊन टाइप केलं: सिंचन निम्म्यावर आणावे. स्पेलिंग तपासलं आणि सहीला ठेवलं.

एका वर्षात दक्षिणेची अकरा झाडं गेली. फवारणी चालूच होती. बुरशी उत्तरेकडे सरकत होती आणि काकांना कळेना. माकडटोपी काढून ते तासन्‌तास त्या तडकलेल्या काचेतून बघत बसायचे. त्यांचं जेवण कमी झालं. एका शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, ते एकटेच बागेत गेले आणि मेलेल्या झाडाच्या मुळाशी खड्डा खणला. शनिवारी माझ्या टेबलावर त्यांनी एक निळं पाकीट उपडं केलं. आतून भुरकट मातीचं ढेकूळ पडलं, त्यावर पांढरा थर.

"चाख," म्हणाले.

त्यांनी स्वतः चिमूट उचलून जिभेवर ठेवली. मग मीही ठेवली, का ते मला सांगता येणार नाही. मीठ होतं. वसईला आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी टँकरवाल्यांनी उपसून उपसून खारं झालं तेव्हा चहाला जी चव आली होती, तीच.

काका खुर्चीत बसले आणि हळूहळू सगळं सांगितलं. बोअरचं पाणी खोल खोल जातंय आणि खोलवरचं पाणी खारं आहे. भरपूर पाणी सोडलं तर निदान ते मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. अर्धं सोडलं की पाणी वाफ होऊन जातं आणि मीठ मुळांशीच बसतं. झाड तहानेनं आणि मिठानं अर्धमेलं होतं, आणि मग ही बुरशी, जी एरवी सगळीकडे असतेच पण निरोगी झाडाचं काही वाकडं करू शकत नाही, ती आत शिरते. "ती रोग घेऊन येणा नाय गो," ते म्हणाले. "ती फक्त सांगूक येता की पाणी गेला. आणि मी सांगितलंय, पाणी अजून तोडा."

मी त्यांना समजावलं की तुम्हाला काय माहीत होतं, हा देश वेगळा, हवा वेगळी. त्यांनी मान हलवली. समजूत पटल्याची ती मान नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते अबू खल्फानकडे कबुली द्यायला गेले. मी गाडीतच थांबणार होते, पण त्यांनी मला बरोबर बोलावलं; एकट्याने बोलायचं बळ नव्हतं बहुधा. त्यांच्या मोडक्या हिंदीत त्यांनी सगळं सांगितलं. चूक माझी, पाणी तोडायला मी सांगितलं, अकरा झाडं माझ्यामुळे गेली. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने कॉफीचा छोटा पेला काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुम अच्छा आदमी है, दक्तूर. पानी अल्ला का है." मग उठून त्याने बागेचं पाणी पुन्हा पूर्ण सोडायला सांगितलं. पाटातून आलं ते खारंच पाणी.

त्या दिवसापासून धुरीकाकांनी प्रत्येक झाडाखालची माती चाखायला सुरुवात केली.

आणि त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक ओळ येऊ लागली. कुठल्याही बागेचा रिपोर्ट असो, दुभाजकावरच्या झाडाचा असो, शेवटी त्यांच्या वळणदार अक्षरात इंग्रजीतून: बुरशी हे कारण नाही, कृपया पाण्याकडे पाहावे. पहिल्यांदा मी ती जशीच्या तशी टाइप केली. मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, मुलांची फी भरणारा आणि दर डिसेंबरला कंत्राटाच्या नूतनीकरणाने झोप उडणारा हैदराबादी गृहस्थ होता. त्यांनी समजावलं की आपलं कंत्राट फवारणीचं आहे. पाण्याबद्दल आपण लिहिलं की वरून विचारणार, मग फवारणीचा उपयोग काय? पाणी हे आपलं खातं नाही, मेबल. ती ओळ राहू दे.

राहू दे म्हणजे काढून टाक. मी काढली. पुढच्या रिपोर्टातूनही काढली. त्यानंतर मला कुणी सांगावं लागलं नाही.

काकांना हे माहीत होतं. सहीचा कागद फाइलला लागायच्या आधी त्यांच्या नजरेखालून जायचा. ते शेवटचा परिच्छेद बघायचे, कागद परत ठेवायचे, आणि पुढच्या रिपोर्टात पुन्हा तीच ओळ लिहायचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. कधी कधी मला वाटायचं, त्यांनी भांडावं. मी एकदा वैतागून म्हटलं, काका, मी काढणार हे माहीत असून तुम्ही लिहिता कशाला? ते म्हणाले, "तुझा काम तू कर, माझा मी करतंय." त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते मला लागलं.

अठ्ठ्याण्णव साली मधलं जुनं झाड, आईच्या बीचं, काळं पडायला लागलं. त्या वर्षी परडीच्या जागी ताटलीभर खजूर आले. काकांनी अबू खल्फानला विचारून बुंध्याची दोन्ही पिल्लं काढायचं ठरवलं. पिल्लू काढणं हे जोखमीचं काम. आईपासून तोडताना जखम मोठी होते आणि त्याच जखमेतून बुरशी शिरते. काकांनी सकाळी सहापासून दहापर्यंत ते काम केलं. छिन्नीचा एक घाव, मग छिन्नी डेटॉलमध्ये. पुन्हा एक घाव, पुन्हा डेटॉल. एक बाटली संपली तेव्हा मी गाडी काढून दुसरी आणली. लायसन्स मला नुकतंच मिळालं होतं, तीनदा नापास होऊन.

ती दोन पिल्लं आमच्या पोर्टाकेबिनच्या मागे दोन निळ्या ड्रममध्ये लागली. प्रश्न होता पाण्याचा. नळाचं पाणी काकांच्या जिभेला चार लागायचं, बोअरचं सात. मग त्यांनी एसीच्या नळ्यांखाली बादल्या लावल्या. एसीतून ठिबकणारं पाणी म्हणजे हवेतलंच पाणी, त्यात मीठ नाही. अल ऐनची हवा कोरडी, त्यामुळे तिन्ही केबिनचे सगळे एसी मिळून दिवसभरात दीड बादली पाणी जमायचं, तेही ऑगस्टात. हिवाळ्यात एसी बंद झाले की आम्ही सगळे कूलरच्या पेल्यात उरलेलं पाणी एका कॅनमध्ये ओतायचो. अकाउंटंटसुद्धा, गाजराचा राग विसरून. मॅनेजर साहेब मीटिंगला आलेल्या लोकांच्या अर्धवट बाटल्या स्वतः उचलून आणायचे आणि माझ्या टेबलावर ठेवायचे, "डॉक्टर की बच्ची के लिए." ज्या ऑफिसात कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, तिथे दोन पिल्लांना पाणी पाजण्यावर मात्र एकमत होतं. हे करताना आम्हाला बरं वाटायचं. रिपोर्टातली ओळ मी तरीही काढतच होते.

एक पिल्लू पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. मी रजेवर वसईला होते. परत आले तर एका ड्रममध्ये नुसती माती होती. दुसरं धरलं. दोन हजारपर्यंत ते माझ्या खांद्याएवढं झालं. त्याच वर्षी बागेतलं आईचं झाड कलंडलं, आणि अबू खल्फानने ते कापायला परवानगी दिली. कापायच्या दिवशी काका आजारी असल्याचा फोन आला. सात वर्षांत त्यांनी घेतलेली ती आजारपणाची पहिली रजा.

मग ऑफिस हलवायचं ठरलं. नव्या इमारतीत दुसरा मजला मिळणार होता, एसी सेंट्रल, नळ्या कुठे जातात कुणाला ठाऊक. ड्रम ठेवायला जागा नव्हती. काकांनी दोन महिने जागा शोधली. एका शाळेचं आवार, एका ओळखीच्याचा व्हिला, अजमानला राहणाऱ्या त्यांच्या गाववाल्याच्या बिल्डिंगची मागची बाजू. कुठे माती नव्हती, कुठे मालक हो म्हणाला आणि मग खलास म्हणाला. भाड्याने राहणाऱ्या माणसाला झाड लावायला जागा कोण देणार? शेवटी झाड जिथलं होतं तिथेच गेलं, अबू खल्फानच्या बागेत, मधोमध, आईच्या बुंध्याच्या खड्ड्यापासून चार हातांवर. काकांनी तिथली माती खणून काढली, दुसरी भरली, खाली खडी घातली. भरायच्या आधी चाखली. वहीत लिहिलेला आकडा मी पाहिला, तीन. त्या दिवशी ते खुशीत होते, मला कडक दुधाचा कराक चहा पाजला आणि पोफळीच्या बागेत लहानपणी झाडावरून झाडावर कसे झुलत जायचे ते सांगितलं.

दर आठवड्याला ते प्यायच्या पाण्याचे दोन कॅन स्वतःच्या पगारातून घेऊन बागेत जायचे. बागेला मात्र पाटाचंच पाणी होतं, आणि ते मातीतून बाजूने झिरपतच होतं. आकडा चार झाला, पाच झाला. ते मला सांगायचे. मी ऐकून घ्यायचे.

दोन हजार तीनला काकांची साठी आली आणि व्हिसा वाढवायला कंपनीने नकार दिला. नियमच तसा होता, भांडायला कुणी शत्रू नव्हता. शेवटच्या आठवड्यात त्यांनी शेवटचा रिपोर्ट लिहिला, त्याच बागेचा. साठातली सतरा झाडं उभी. शेवटी तीच ओळ. मी मशीनसमोर बसले, आता कॉम्प्युटर आला होता, आणि त्या दिवशी मी ती ओळ ठेवली. ठळक अक्षरात ठेवली. कागद मॅनेजर साहेबांकडे गेला, त्यांनी सही केली, वर पाठवला. मी दोन दिवस बोलावण्याची वाट पाहिली. बोलावणं आलं नाही. वरून पोच आली, शिक्का आला, फवारणीची पुढची तारीख आली. ती ओळ कुणी वाचलीच नव्हती. इतकी वर्षं मी जी काढत होते ती ठेवली असती तरी काही झालं नसतं. मला त्यातून सुटका वाटायला हवी होती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

विमान शनिवारचं होतं. गुरुवारी दुपारी काका म्हणाले, "बाय, एकदा बागेत सोड." मी गाडी काढली. रस्त्यात ते माकडटोपी मांडीवर घेऊन बसले होते.

अबू खल्फान आता फारच थकला होता. दाराशी त्याच गालिच्यावर, पाठीला दोन उशा. बाजूला कॉफीची किटली, आणि रुमालात बांधलेले मूठभर सुके खजूर, तीन वर्षांपूर्वीचे, आईच्या झाडाचे शेवटचे. ते त्याने दक्तूरसाठी ठेवले होते. काकांनी रुमाल दोन्ही हातांनी घेतला, पिशवीत ठेवला, आणि आम्ही आत गेलो.

पिल्लू आता डोक्याहून उंच झालं होतं. लांबून मला ते छान वाटलं. काका जवळ गेले, गळ्यातलं भिंग काढलंच नाही. मधल्या कोवळ्या पाती त्यांनी बोटांनी बाजूला केल्या. आत, शेंड्याच्या अगदी गाभ्याशी, एक पात काळी होती, कोळशासारखी, आणि शेंडा किंचित पश्चिमेकडे कललेला. त्यांनी सुरीने ती पात कापली आणि नाकाशी धरली. मलाही अननसाचा वास आला. गाजराची गरज नव्हती.

म्हातारा काठी टेकत मागोमाग आला होता. तो झाडाकडे बघत नव्हता, काकांच्या तोंडाकडे बघत होता. ते तोंड त्याला नऊ वर्षांपासून वाचता येत होतं. मग त्याने विचारलं, अगदी तसंच, त्याच आवाजात, जणू या माणसाने त्याला कधी चुकीचं सांगितलंच नव्हतं.

"दक्तूर, पानी कितना दूँ?"

काकांनी पाटाकडे पाहिलं. पाटात थोडं पाणी होतं, त्यावर वाळलेल्या पाती तरंगत होत्या. काका खाली उकिडवे बसले, पिशवीतून डेटॉलची बाटली काढली, टोपण उघडलं आणि सुरीचं पातं त्यात बुचकळलं. बाहेर काढून फडक्याने पुसलं, उजेडात धरून पाहिलं, आणि पुन्हा बुचकळलं. आम्ही दोघं त्यांच्या बाजूला उभे होतो आणि ते सुरी धूत होते.